सत्कार करा, पण माईकही त्यांच्याच हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यात १४ जानेवारीला माजी सैनिकांचा मेळावा झाला, त्याची बातमी तुमच्या पेपरात आली होती, कात्रण आत्ता समोर ठेवूनच लिहितेय. बातमीत एकोणीस नावं आहेत. अध्यक्ष कोण, उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, सगळं आहे, आणि शेवटी एक ओळ, "यावेळी परिसरातील माजी सैनिकांचा सत्कार करण्यात आला." एकोणीस नावांत एकही सैनिक नाही. तुमच्या वार्ताहरावर माझा राग नाहीये, त्याला आयोजकांनी जो कागद दिला तोच त्याने पाठवला असणार. पण ज्यांच्यासाठी प्रोग्रॅम होता त्यांचीच नावं नाहीत हे मला फार लागलं, म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल, जमलं तर सगळं छापा.

मी स्वतः तिथे होते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते, ते दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणून आईला घेऊन गेले होते. पत्रिकेत वेळ सकाळी दहाची. फौजी माणूस वेळेच्या आधी येतो, त्यामुळे साडेनऊलाच सगळे खुर्चीत बसलेले, इस्त्रीचे कपडे, छातीवर मेडल, डोक्यावर टोपी. चौतीस जण होते, मी मोजले. पाहुणे सव्वाबाराला आले. मंडप अर्ध्यावरच होता त्यामुळे मागच्या दोन रांगा उन्हात, पाण्याचा जार स्टेजच्या मागे, आणि उठून जावं तर आपलं नाव पुकारतील ही धास्ती. एका काकांना शुगर आहे, ते शेवटी काहीतरी खायला बाहेर गेले आणि नेमकं तेव्हाच त्यांचं नाव घेतलं. परत आल्यावर आयोजकांना सांगायला पण ते संकोचले, त्यांच्या मिसेसनी सांगितलं तेव्हा कुठे एक शाल काढून दिली, ती पण स्टेजच्या खाली.

पाहुणे आल्यावर चौतीस जणांचा सत्कार किती वेळात उरकला असेल? अकरा मिनिटं. नाव पुकारायचं, शाल, नारळ, गुलाबाचं फूल, फोटो, पुढचा. त्यानंतर दीड तास भाषणं. भाषणं वाईट होती असं म्हणत नाही मी, चांगलं बोलले काही जण, सैनिक सीमेवर जागतो म्हणून आपण झोपतो वगैरे. पण त्या दीड तासात ज्याने गोवा मुक्तीची १९६१ ची कारवाई स्वतः पाहिलीय असा माणूस तिसऱ्या रांगेत मांडीवर नारळ ठेवून गप्प बसलेला होता. सियाचिनला राहून आलेले दोघे होते. कारगिलचे पाच होते. एकाच्याही हातात माईक गेला नाही. दोन मिनिटांसाठी पण नाही.

१४ जानेवारी ही तारीख का, हे पण स्टेजवरून कुणी सांगितलं नाही. फील्ड मार्शल करिअप्पा, आपल्या लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती, १५ जानेवारी १९४९ ला त्यांनी सूत्रं हातात घेतली म्हणून १५ जानेवारी हा आर्मी डे, आणि १४ जानेवारी १९५३ ला ते रिटायर झाले म्हणून १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस. २०१६ पासून हा दिवस पाळतात. म्हणजे एका माणसाच्या रिटायरमेंटचा दिवस सगळ्या रिटायर फौजींना दिलाय, किती छान विचार आहे! आणि तेव्हाच आपल्याकडे संक्रांत असते, एकमेकांच्या घरी जाऊन गोड बोलायचा सण. जवानांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलायला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार.

आता आबांचं सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्यांच्यावरून सुचलेलं आहे.

आबांचे सत्कार भरपूर झाले. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गणपतीत मंडळाचा, पतसंस्थेचा, शाळेचा. घरी ट्रंकेत सत्तावीस शाली निघाल्या. गावात सगळे त्यांना मेजर म्हणायचे, आमच्याकडे मिल्ट्रीतून आलेल्या प्रत्येकालाच मेजर म्हणतात, पण ते हवालदार म्हणून रिटायर झाले होते आणि कुणी मेजर म्हटलं की हळूच सांगायचे, हवालदार. एकदा निवेदकाने त्यांना स्वातंत्र्यसैनिक करून टाकलं, आबांचा जन्मच स्वातंत्र्यानंतरचा. एका ठिकाणी सन्मानचिन्हावर "१९७१ च्या कारगिल युद्धातील" असं छापलेलं, ते अजून घरी आहे, आईने ते कपाटात आत ठेवून दिलंय. आबा कधी कुणाला काही बोलले नाहीत, घरी येऊन शाल घडी करून ट्रंकेत टाकायचे आणि रानात जायचे.

मग २०१९ मध्ये आमच्या शाळेतल्या एका बाईंनी वेगळंच केलं. स्टेज नाही, फ्लेक्स नाही, पाहुणा नाही. सातवीच्या पोरांना वर्गात खाली बसवलं, आबांना मध्ये खुर्ची दिली, खडूने फळ्यावर बांगलादेशचा नकाशा काढला आणि आबांना म्हणाल्या, काका तुम्ही कुठे होतात ते दाखवा. आधी आबा दोन मिनिटं नुसतेच उभे राहिले. मग खडू घेतला आणि जमालपूरवर गोल काढला.

आबा जंगी पलटणीत होते, म्हणजे मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागच्या बाजूला गेली आणि गावातून निघायचा रस्ता अडवून बसली. १० डिसेंबरच्या रात्री आतली पाकिस्तानी फौज तो वेढा फोडून टांगाईलच्या रस्त्याने बाहेर पडायला निघाली आणि थेट आपल्या लोकांच्या समोर आली. हे पुस्तकात मिळेल कुणालाही. पण आबांनी पोरांना सांगितलं ते पुस्तकात नाही. नदी ओलांडताना बूट गळ्यात बांधले होते, तरी मोजे भिजले आणि ते दोन दिवस पायातच वाळले. रात्री खंदकात शेजारचा गडी कुजबुजत पण नव्हता, बोलायचं असेल तर फक्त हाताला चिमटा काढायचा. त्यांच्याबरोबरचा एक जण वाईकडचा होता, त्याला खोकला होता, त्याने तोंडात टॉवेल कोंबून रात्र काढली. सकाळी उजाडलं तेव्हा समोर जे दिसलं ते आबांनी पोरांना सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की आम्ही आमच्या बाटल्यांतलं पाणी त्यांच्या जखमींना पाजत होतो आणि त्यातल्या एकाने माझा हात सोडलाच नाही.

एका पोरीने विचारलं, तुम्ही जिवंत आहात हे तुमच्या आईला कधी कळलं? आबा म्हणाले, जानेवारीत. लढाई १६ डिसेंबरला संपली, त्र्याण्णव हजार पाकिस्तानी शरण आले, रेडिओवर सगळ्या देशाला कळलं, पण माझ्या आज्जीला मुलगा आहे का गेला हे जानेवारीत पत्र आल्यावर कळलं. तोपर्यंत ती रोज एसटी स्टँडवर जाऊन बसायची. हे मी त्या वर्गाच्या दारात उभी राहून ऐकत होते, माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहून मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही. आपल्याकडे बापाला असं काही विचारायची पद्धत नसते आणि फौजी स्वतःहून सांगत नाही.

बाईंनी मोबाईलवर त्यातलं थोडं रेकॉर्ड केलं होतं, अकरा मिनिटांचं आहे. सत्तावीस शाली आणि अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. आबा गेल्यावर आम्ही शाली वाटून टाकल्या, रेकॉर्डिंग मात्र माझ्याकडे, भावाकडे, मुंबईच्या आत्याकडे, सगळ्यांकडे आहे आणि आई अजून रात्री ऐकते.

संपादक साहेब, येत्या १६ डिसेंबरला १९७१ च्या युद्धाला पंचावन्न वर्षं होतील. तेव्हा जो वीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीत आहे. १९६५ वाले ऐंशीच्या पुढे आणि १९६२ वाले त्याच्याही पुढे. दरवर्षी मेळाव्यात खुर्च्या कमी लागतायत, मागच्या खेपेला आमच्याकडे एक्केचाळीस होते, यंदा चौतीस. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले, इंग्रजांनी त्यांच्या आठवणीसाठी गावात स्तंभ उभारला. आकडा राहिला, दगड राहिला, पण मागे राहिलेल्या त्या घरांनी काय सोसलं, परत आलेल्यांनी काय पाहिलं, ते आता कुणाला विचारायचं? शंभर वर्षांपूर्वी खेड्यात नोंद करायला साधन नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि आपण त्याच्यावर शाल घालतानाचा फोटो तेवढा काढतो.

सत्कार कुणाचा होतो आणि कुणाचा राहतो, यावर पण थोडं लिहायचंय. आपल्याकडे १६ डिसेंबरला १९७१ वाल्यांना बोलावतात, २६ जुलैला कारगिलवाल्यांना. बरोबरच आहे. पण श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्यांसाठी कुठली तारीख? १९८७ ते १९९० आपली फौज तिथे होती, जवळपास बाराशे जवान परत आले नाहीत, जाफन्याच्या गल्ल्यांत लढलेली माणसं आजही आपल्या गावांत आहेत, आणि त्यांचा विजय दिवस नाही म्हणून त्यांना कुणी बोलावत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एक आहेत, पायात अजून छर्रे आहेत त्यांच्या. ते म्हणतात ताई आमची लढाई कुणाच्या कॅलेंडरवर नाही.

तसंच लढाईत प्रत्यक्ष नसलेले. पलटणीचा कुक, ड्रायव्हर, सिग्नलवाला, वर्कशॉपचा मेकॅनिक, एअरफोर्सचा फिटर, नेव्हीत बोटीच्या इंजिनरूममध्ये अर्धं आयुष्य काढलेला आमच्या कोकणातला माणूस. मेळाव्यात यांना विचारतात, तुम्ही कुठल्या लढाईत होता? ते म्हणतात नव्हतो, आणि मग दोघांनाही पुढे काय बोलायचं सुचत नाही. मी स्वतः एका निवृत्त ड्रायव्हरशी बोलले, लेहच्या रस्त्यावर सहा वर्षं गाडी चालवलेले, बर्फात गाडी बंद पडली तर डिझेल गोठू नये म्हणून खाली शेकोटी कशी करायची हे त्यांनी मला सांगितलं, एक तास सांगत होते, त्यांच्या सुनेने चहा तीनदा गरम केला. हा माणूस पंचवीस वर्षं मेळाव्यात मागच्या रांगेत बसतोय.

आणि वीरपत्नी. हे लिहावं की नाही असा विचार करत होते, पण लिहिते. १४ जानेवारीच्या प्रोग्रॅममध्ये पाच जणींचा सत्कार झाला, साडी दिली. संक्रांत असल्यामुळे स्टेजवरच्या इतर बायकांना आधी हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. या पाच जणींपाशी ताट आलं आणि ज्या ताई लावत होत्या त्या थांबल्या, इकडेतिकडे बघितलं आणि ताट पुढे नेलं. त्यात माझी आई होती. ज्या बाईचा नवरा देशासाठी लढला तिला स्टेजवर बोलवायचं, वीरपत्नी म्हणायचं, आणि सगळ्यांसमोर ताट पुढे न्यायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं परिपत्रक काढलं. म्हणजे कागदावर आपण तिथे पोचलोय. मग निदान सैनिकांच्या मेळाव्यात तरी पहिलं कुंकू या बायकांना लागलं पाहिजे, आणि ते पण सरपंचबाईंच्या हातून, सगळ्या गावासमोर. त्या दिवशी घरी येताना आई रिक्षात एक शब्द बोलली नाही.

आता कागदपत्रांचं. मला वाटतं मेळावे खरे उपयोगी पडतील ते इथेच. चौतीस माजी सैनिक आणि त्यांच्या घरचे एका जागी येतात, चार-चार तास बसून राहतात, आणि तेवढ्या वेळात कुणी त्यांना विचारत नाही की तुमचं पेन्शन नीट येतंय का. आता सगळं पेन्शन स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाईन पोर्टलवर गेलंय, वर्षातून एकदा हयातीचा दाखला ऑनलाईन द्यायचा असतो, म्हाताऱ्या माणसांचे बोटांचे ठसे मशीन घेत नाही, ओटीपी नातवाच्या फोनवर जातो आणि नातू पुण्यात. आधारवर एक नाव, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर दुसरं. आणि आपल्याकडे तर बाईचं लग्नात नाव बदलतं, त्यामुळे रेकॉर्डला जर माहेरचं नाव लागलेलं असेल तर नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शन अडकतं. आईचं सात महिने अडकलं होतं. आबांनी १९७४ साली लग्नानंतर फॉर्म भरला त्यात क्लार्कने माहेरचं नाव घातलं, पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. सात महिने मी या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले, प्रत्येक ठिकाणी नवीन कागद मागायचे. शेवटी शेजारच्या गावचे एक रिटायर सुभेदार भेटले, फौजेत क्लार्क होते, त्यांनी आबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, हातात घेतलं, दोन ॲफिडेव्हिट सांगितली, अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दिला, अर्ध्या दिवसाचं काम. हे सुभेदार काका पण त्या चौतिसांत होते, शाल मांडीवर घेऊन बसलेले. त्यांना स्टेजच्या शेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या दिल्या असत्या तर त्या दिवशी दहा घरांचं काम मार्गी लागलं असतं, आणि ते खुशीने बसले असते, मी विचारलंय त्यांना.

अजून एक आजोबा आहेत आमच्याकडे. १९६४ ला भरती झाले, १९७३ ला घरच्या अडचणीमुळे नाव कापून, म्हणजे मधेच फौज सोडून आले, नऊच वर्षं सर्व्हिस त्यामुळे पेन्शन नाही, जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं लागतात. १९६५ आणि १९७१ दोन्ही लढाया केलेला माणूस आत्ता आत्तापर्यंत दुसऱ्याच्या रानात पाणी पाजायला जायचा. दर १५ ऑगस्टला झेंड्याला त्यांना बोलावतात, फूल देतात. केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट म्हणून एक मदत आहे, पासष्टच्या वरचे, हवालदार किंवा त्याखालच्या रँकचे, ज्यांना पेन्शन नाही असे माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा, यांच्यासाठी. महिना चार हजार होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून आठ हजार केलीय. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. आजोबांना हे ऐंशीव्या वर्षी कळलं, माझ्याकडून, आणि मला कळलं ते पण आईच्या कामासाठी फिरताना तिथल्या एका भिंतीवरचा कागद वाचून. इतकी वर्षं फुलं दिली त्यातल्या एकाने जरी सांगितलं असतं! तीच गोष्ट घरपट्टी माफीची, माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करायची योजना राज्यात २०२० पासून आहे, पण आमच्या गावात निम्मे जण अजून भरतायत कारण अर्ज करायचा असतो हेच माहीत नाही. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी शाळाशाळांतून गोळा होतो, १९४९ पासून होतोय, तो याच लोकांसाठी असतो हे पण पोरांना सांगत नाहीत, नुसतं स्टिकर लावून पैसे घेतात.

कुणी म्हणेल की छोट्या गावात छोटासा प्रोग्रॅम, त्यात एवढं काय बघायचं. मला उलट वाटतं. मुरलीकांत पेटकरांचं बघा ना, आपल्या सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री कधी मिळाली? २०१८ ला. मधली शेहेचाळीस वर्षं हा माणूस आपल्यातच राहत होता. दुसरीकडे नाईक (ही हवालदाराच्या खालची रँक) यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १९४४ ला इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. इटलीत मोंतोने म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. एवढ्याशा गावाने ऐंशी वर्षांनी परदेशातल्या एका नाईकाचं नाव शोधून काढलं, रँक बरोबर, रेजिमेंट बरोबर. आपल्याला आपल्याच गावच्या हवालदाराची लढाई बरोबर छापता येऊ नये?

मी आयोजकांशी बोलले, चांगली पोरं आहेत, वर्गणी काढून करतात, त्यांच्या मनात काही वाईट नाही, त्यांनी कधी वेगळं बघितलेलंच नाही. त्यांना म्हटलं, प्रोग्रॅमच्या आधी पंधरा दिवस प्रत्येकाच्या घरी एक जण जा, डिस्चार्ज बुक बघून नाव, रँक, युनिट, कुठे कुठे पोस्टिंग झालं ते लिहून आणा, आणि तेच स्टेजवरून वाचा. ते वाचायला प्रत्येकी अर्धं मिनिट लागेल. एकाच वेळी चौतीस जणांना बोलायला सांगू नका, या वेळी पाच, पुढच्या वेळी पाच, जे सगळ्यात म्हातारे त्यांना आधी, आणि स्टेजवर उभं राहून भाषण करायला नका सांगू, फौजीला भाषण येत नाही, कुणीतरी शेजारी बसून प्रश्न विचारा. पोरांना विचारू द्या, पोरं चांगले प्रश्न विचारतात. पाहुण्यांना खाली पहिल्या रांगेत बसवा आणि ऐकू द्या. यायला उशीर झाला तर वाट बघू नका, सुरू करा. फ्लेक्सवर जो फोटो मोठा छापायचा तो गावातल्या सगळ्यात ज्येष्ठ जवानाचा छापा. आणि ज्याला आठवण काढायची नसेल त्याला आग्रह करू नका, काही जणांना नाही सोसत, आमच्या वाडीतले लंकेवाले मधेच उठून जातात तर त्यांना जाऊ द्या, परत आले की चहा द्या. पोरांनी सगळं ऐकून घेतलं, एकाने वहीत लिहून पण घेतलं.

आता तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या पेपरला गावागावात वार्ताहर आहेत. आत्तापासून १६ डिसेंबरपर्यंत दर आठवड्याला एका माजी सैनिकाची आठवण छापा, त्याच्याच शब्दांत, दोनशे ओळी नकोत, चाळीस पुरे. श्रीलंकेवाला येऊ द्या, लेहचा ड्रायव्हर येऊ द्या, कुक येऊ द्या, एखादी वीरपत्नी येऊ द्या. शेवटी एका चौकटीत पेन्युरी ग्रँट, घरपट्टी, हयातीचा दाखला यातलं त्या आठवड्याला एक काहीतरी द्या. आणि सत्काराची बातमी येईल तेव्हा आधी सत्कारमूर्तींची नावं रँकसकट छापा, मग जागा उरली तर पाहुण्यांची. वार्ताहरांना तेवढा एक निरोप द्या.

आमच्या तालुक्यातली यादी मी केलीय, चौतीस आणि पाच वीरपत्नी, वयाप्रमाणे लावलीय. पहिलं नाव गोव्याच्या कारवाईत असलेल्या आजोबांचं आहे, वय एक्क्याण्णव. त्यांना सकाळी नीट ऐकू येतं, दुपारी जेवणानंतर दमतात, त्यामुळे दहाच्या आत जावं लागेल. त्यांच्या मुलाला सांगून ठेवलंय. कुणाला पाठवताय तेवढं कळवा, मी घर दाखवायला बरोबर येईन.

आपली,
एका हवालदाराची मुलगी,
सातारा जिल्हा